सरांच्या हातची घडी

फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. सकाळची जनरल पाळी होती. बस स्टेशनचा पूल उतरून वाळूजच्या रस्त्याला लागली होती आणि निम्मे लोक माना टाकून झोपले होते. मोबाईलवर सुमनवहिनींचं, म्हणजे सरांच्या पत्नीचं, नाव दिसलं आणि उचलायच्या आधीच काय ते कळलं. वहिनी शांत होत्या. "सुधाकरभाऊ, सर गेले. पहाटं झोपेतच गेले," एवढंच म्हणाल्या. मी "हो" म्हणालो. मग सीटवरून उठलो आणि दांडी धरून उभा राहिलो. बस मध्ये कुठं थांबत नाही, आणि उभं राहून मी लवकर पोचणार होतो असंही नाही. ड्रायव्हरनं आरशातून बघत दोनदा बसायला सांगितलं. मी गेटपर्यंत उभाच होतो. तिथं उतरलो आणि आल्या पावली रिक्षानं परत फिरलो.

त्याला आता सात आठवडे झाले. तेव्हापासून मी कुठं नीट बसलेलो नाही. जेवता जेवता उठतो, पेपर अर्धा टाकून गच्चीवर जातो, तिथून परत खाली येतो. बायको म्हणते, पायाला भिंगरी लागलीय तुमच्या. पायाचं तसं काही नाही, खोड हाताला लागलीय. चालता चालता माझा डावा हात उजवं मनगट धरतो, दाबून बघतो, सोडतो, परत धरतो... हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, तिनंच दाखवलं.

भानुदास शिंगाडे हे नाव तुम्ही ऐकलं असण्याचं कारण नाही. गारखेड्यात एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये ते बावीस वर्षं आयकिडो शिकवत होते. ही जपानी विद्या. तिच्यात ते शिकवायचे त्या पद्धतीत स्पर्धा नसतात, त्यामुळे कप नाहीत, सत्कार नाहीत, पेपरात फोटोही नाही. एकानं मनगट धरायचं किंवा मारायला धावून यायचं, दुसऱ्यानं त्याचंच बळ वळवून त्याला खाली घ्यायचं. खाली जाणाऱ्यानं लागू न देता पडायचं, लोळून उठायचं आणि परत यायचं. मग पाळी बदलायची. पण हा सगळा डोलारा एका अटीवर उभा असतो, धरणाऱ्यानं खरं धरलं पाहिजे. लुटुपुटूचं धरलं तर त्याचा नुसता नाच होतो. नव्या माणसाला सर पहिल्या दिवशी हेच सांगायचे, आणि बहुतेक एवढंच सांगायचे. "खरं धर. मला दुखंल म्हणून भिऊ नको. तू खोटं धरलंस तर मी कशावर शिकू?"

सर पिशोरचे. घर मेंढपाळांचं, लहानपण वडिलांमागं डोंगरात मेंढ्या वळण्यात गेलेलं. पुढं आयटीआय करून ते वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसवर ऑपरेटर म्हणून लागले. तिथं नवी मशीन बसवायला तनाका नावाचे एक जपानी इंजिनिअर आले आणि अडीच वर्षं राहिले. शिफ्ट सुटली की हे तनाकासाहेब पॅकिंग खात्यात पुठ्ठे अंथरून एकटेच हातवारे करत, लोळत. कामगार खिडकीतून बघून हसायचे. सर मात्र आत गेले. तनाकांनी खुणेनं मनगट धरायला सांगितलं, यांनी धरलं, आणि दुसऱ्या क्षणी हे पुठ्ठ्यावर पालथे. सर सांगायचे की उठताना आपल्याला हसूच आलं, कारण गोष्ट ओळखीची निघाली. एडका अंगावर आला तर त्याला कुणी थोपवत नाही. बाजूला सरकतात, शिंग हातात घेतात आणि तो निघालाय तिकडंच त्याला आणखी थोडं नेतात. "आमचे आबा हेच करायचे. फकस्त कापडं येगळी," असं म्हणून सर त्यांचा तो काळा हाकामा झटकायचे.

हाकामा म्हणजे चुण्यांचा, घेरदार, पायघोळ पायजमा. तनाकांनी जाताना स्वतःच्या अंगावरचा काढून सरांना दिला होता. या विद्येत एक रिवाज आहे. तास संपला की गुरूचा हाकामा शिष्यानं घडी करायचा. जमिनीवर अंथरायचा, पुढच्या पाच आणि मागच्या दोन चुण्या तळहातानं दाबत एकीवर एक बसवायच्या, नाड्या दुमडून फुलीसारख्या गुंफायच्या. सरांनी हे काम मला दिलं आणि एकोणीस वर्षं ते माझ्याकडंच राहिलं. मी वैजापूरकडचा, घरी शेतीवाडी, गडीमाणसं, स्वतःच्या पांघरुणाचीही घडी मी कधी घातलेली नव्हती. सुरुवातीला सरांनी सात वेळा उलगडून परत घालायला लावली. आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, हे सगळंच विचित्र वाटायचं. ते म्हणायचे, लोक पोरांना पायावर उभं राहायला शहरात पाठवतात, आणि आमचं पोरगं तिथं पडायला शिकतंय.

पण पडायला मी शिकलो खरा. एकदा वाळूजहून येताना मोटारसायकल घसरली आणि मी डांबरावर लोळून सरळ उभा राहिलो, शर्टची बाही सोडून काही फाटलं नाही. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, गाडी कशी हाय? एवढंच. कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी त्याच कारखान्यात क्वालिटीला आहे. प्रेसवरून निघालेला माल तपासायचा, केसभर जरी कमीजास्त असला तर बाजूला काढायचा, ही माझी नोकरी. कामावर मी सरांचेही पार्ट नापास केलेले आहेत, आणि त्या दिवशीसुद्धा सकाळी त्यांचा हाकामा घडी केलेला आहे. त्यांनी कधी एका गोष्टीचा दुसरीशी संबंध जोडला नाही.

क्लास सकाळी सहाला असायचा, कारण नंतर हॉल लग्नांचा. लग्नसराईत आदल्या दिवशीच्या अक्षता फरशीभर पडलेल्या असायच्या. आम्ही झाडून मॅट अंथरायचो, तरी चार दाणे राहायचेच, आणि पडलं की नेमके पाठीत रुतायचे. त्यामुळं सर मॅट अंथरायच्या आधी अनवाणी सगळ्या हॉलभर सावकाश फिरायचे, तळपायानं चाचपत. दाणा सापडला की वाकून उचलायचे आणि खिशात टाकायचे. वहिनी म्हणायच्या, यांचे कपडे धुवायला टाकायचे म्हणजे आधी तांदूळ निवडायचे.

आता जे सांगायचं आहे त्याच्याभोवती मी मघापासून फिरतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

सर कारखान्यातून निवृत्त झाले त्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. रोजच्यासारखं दाखवायला त्यांनी मला पुढं बोलावलं, मी त्यांचं उजवं मनगट धरलं, ते वळले... आणि काहीच झालं नाही. वळण होतं, पण त्यात बळ नव्हतं. माझ्या हातात नुसतं मनगट होतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात झालं, आणि त्याच वेळात मी पडलो. मला कुणी पाडलं नव्हतं, मी आपणहून पडलो. झकास पडलो, मॅटवर हात आपटून आवाजसुद्धा काढला. सर म्हणाले, "बघा, खांदा कसा गेला याचा." मी उठलो आणि परत धरलं आणि परत पडलो.

नंतर खाली चहाच्या टपरीवर मी बाकीच्यांना बाजूला घेतलं. सरांच्या उजव्या हातात दम राहिलेला नाही, त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही, तर जरा समजून घ्या, असं सांगितलं. सगळे समजले. मराठवाड्यात मोठ्या माणसाचा मान राखायला कुणाला शिकवावं लागत नाही. पुढं नवीन कुणी आलं की पहिले काही दिवस माझ्याकडं असायचं. मी त्यांना पडायला शिकवायचो आणि जिन्यात हळूच हेही शिकवायचो, की सर डावा पाय मागं घेतात ना, तिथं पडायचं. दोन वर्षं असं चाललं. माल तपासणारा मी, दोन वर्षं रोज सकाळी खोटा माल पास करत होतो. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटत होता. आपण आपल्या गुरूला जपतोय असं वाटायचं.

मग अंजुम आली. उर्दू शाळेत शिकवते, पंचविशीतली, गंभीर चेहऱ्याची मुलगी. ती आली त्या आठवड्यात मी पुतणीच्या लग्नाला वैजापूरला होतो, त्यामुळं जिन्यातला धडा तिचा राहून गेला. परत आलो त्या दिवशी मी रांगेत बसलो होतो, आणि सरांनी दाखवायला तिलाच पुढं बोलावलं. खरं धर, म्हणाले. तिनं दोन्ही हातांनी त्यांचं उजवं मनगट धरलं. सर वळले, डावा पाय मागं घेतला. अंजुम उभी. सरांनी परत सुरुवात केली, परत वळले. ती उभीच. तिनं आमच्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं, आणि अगदी मनापासून विचारलं, "सर, अब गिरूं क्या मैं? सगळे इथंच पडतात ना?"

सरांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं, मूठ मिटली, उघडली. मग मान वर केली ती थेट माझ्याकडं.

"कवापासून, सुधाकर?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "आजच, सर. तुम्हाला काल कणकण होती ना..."

सर अंजुमला म्हणाले, "तू बरोबर धरलंस, बाळा." रांगेला वाकून नमस्कार केला आणि अर्ध्या तासातच क्लास संपवला. मग हाकामा सोडून मॅटवर अंथरला. मी सवयीनं पुढं झालो, गुडघे टेकले. त्यांनी कापडावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे."

त्यांनी स्वतः घडी घालायला घेतली. उजवा हात चुण्या दाबायचं काम करीना, म्हणून कोपरानं दाबत होते, मध्येच गुडघा ठेवत होते. एक बसली की दुसरी सुटायची. आम्ही पंधरा-सोळा जण भिंतीला धरून उभे होतो. कुणाची पुढं व्हायची छाती झाली नाही आणि कुणाला निघूनही जाववेना. खाली आचाऱ्याची भांडी टेम्पोतून उतरत होती, तेवढाच आवाज. वीस मिनिटं तरी लागली असतील. शेवटी जी घडी झाली ती एका अंगाला फुगलेली होती, नाड्यांची फुलीही तिरकी. ती काखेत मारून ते जिना उतरले. दुसऱ्या दिवशी वहिनींनी हॉलची किल्ली पाठवली, आणि निरोप, की क्लास सुधाकरनं घ्यावा.

मी धावत जायला हवं होतं, पाय धरायला हवे होते. मी गेलो नाही, कारण मी रागावलो होतो. दोन वर्षं ज्यांच्यासाठी अंग आपटून घेतलं त्यांनी चारचौघांत मला खोटारडा ठरवलं, असं मला वाटत होतं. आमच्या घराण्याचीच ही खोड, चूक आपली असली की राग दुसऱ्याचा येतो. आठ महिने मी किल्ली वापरली, क्लास घेतला, आणि सिडकोत त्यांच्या घरी एकदाही गेलो नाही. आज ऑडिट, उद्या पाळी बदलली, परवा पाहुणे... ते बोलावतील याची मी वाट बघत होतो. त्यांचा हात आणखी गेला, मग पायही ओढायला लागले, हे मला इतरांकडून कळत होतं, तरी मी वाट बघत होतो.

शेवटी बोलावलं वहिनींनीच. म्हणाल्या, ते काय बोलायचे नाहीत, तुम्हीच येऊन जा. गेलो. सर गॅलरीत खुर्चीवर बसले होते, अंगावर शाल, उन्हात. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. हॉलच्या खिडक्यांना जाळी बसवली का ते विचारलं. अंजुम येते का विचारलं. येते म्हटलं. लई चांगलं, म्हणाले. मग एकाएकी उजवा हात खुर्चीच्या हातावर पुढं ठेवला.

"धर."

मनगटाची दोन्ही हाडं वर आलेली, सलाईनच्या पट्टीचा डाग. मी त्यावर बोटं ठेवली.

"असं नाय. खरं धर."

मला जमलं नाही. मी धरलं ते डॉक्टर नाडी बघतो तसं. त्यांनी वाट बघितली. आत कुकरची शिट्टी झाली, त्यांनी तरी वाट बघितली. त्यांच्या हातात काही हालचाल आहे का हे मला कळत नव्हतं, कारण ते कळायला जेवढं धरावं लागतं तेवढं मी धरलंच नव्हतं. मग त्यांनी हात हळूच काढून शालीत घेतला.

"नाय जमत तुला," म्हणाले. आवाजात राग नव्हता. "बरं, चहा घे."

मी चहा घेतला आणि आलो. पाचव्या दिवशी तो फोन आला.

त्यांना काय हवं होतं, हे मी सात आठवडे शोधतोय. एकदा वळून बघायचं होतं का? की नुसतं कुणीतरी पुरं धरलेलं हवं होतं? की मी सुधारलोय का ते तपासत होते? विचारायला आता कुणी नाही. आणि दुसरं एक भूत मागं लागलंय. सरांनी मला शेवटचं खरं कधी पाडलं, ते मला आठवत नाही. निवृत्तीनंतरची ती सकाळ आठवते, पण तिच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? त्याच्या आदल्या महिन्यात? मी मागं मागं जातो आणि दर वेळी शंका येते, की तेव्हाही मी थोडा मदतीला गेलो असेन. एकोणीस वर्षांतली किती पडणी त्यांची आणि किती माझी... जे चांगलं होतं त्यातलंही काही खरं उरणार नाही, अशी भीती वाटते. म्हणून मी उठतो. म्हणून चालतो.

आता तर आणखी गंमत बघा. क्लास मी घेतो, आणि पोरं माझ्यासाठी पडतात. काय सुंदर पडतात! गेल्या महिन्यात एक दिवस मी मुद्दाम अर्धवटच वळलो, हात सैल सोडला, तरी समोरचा जाऊन लोळला आणि हसऱ्या चेहऱ्यानं उठला. त्यांना हे कुणी शिकवलं, ते त्यांना विचारायची गरज नव्हती. त्या दिवशी सरांना काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं.

मी अंजुमला पुढं बोलावलं. सगळ्यांदेखत सांगितलं, "सरांना धरलं होतंस तसं धर." ती म्हणाली, "सर, उस दिन मुझे मालूम नहीं था." मी म्हणालो, "धरायचं कसं ते मालूम होतं तुला. धर." तिनं धरलं. शाळेत खडू धरणाऱ्या हातात एवढी ताकद असेल असं वाटत नाही. मी वळलो. ती उभी होती. मी परत वळलो, पाय बदलला, कंबर खाली घेतली, एकोणीस वर्षांत शिकलो ते सगळं करून बघितलं. ती उभीच होती. घामानं माझी पाठ भिजली आणि रांगेतले सगळे डोळे फाडून बघत होते. मी त्यांना सांगितलं की दोन वर्षं सरांना फसवायला तुम्हाला मी शिकवलं, आणि त्याआधी मी फसवलं. उद्यापासून मी पाडेपर्यंत कुणी पडायचं नाही. अंजुम अजून रोज धरते. आतापर्यंत तीन वेळा ती खाली गेली. तिसऱ्या वेळी उठताना म्हणाली, "यह सच्चा था."

तेराव्याला वहिनींनी एक पिशवी हातात दिली होती. आत हाकामा. "तुमच्याकडंच राहू द्या, घाला," म्हणाल्या. स्वतः घडी घातली त्या दिवसानंतर सरांनी तो नेसला नव्हता. घडी तीच आहे, एका अंगाला फुगलेली, फुली तिरकी, आणि एका चुणीत कोपराचा दाब अजून दिसतो. हॉलच्या कपाटात ठेवलाय. सकाळी मी लवकर जातो, अनवाणी फरशीभर फिरून अक्षता वेचतो, मग कपाट उघडून बघतो आणि लावून टाकतो. पोरं विचारतात, सर, तुम्ही तो घालत का नाही? घालायचा तर उघडावा लागेल. उघडला की परत घडी घालावी लागेल, आणि माझी घडी सरळ येते.